डॉक्टरांना कळवा

तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली शेवटची बारा प्रसूती वॉर्डात. निवृत्त झाले तेव्हा ठरवून टाकलं होतं की आता कुणाला काही शिकवायचं नाही. शिकाऊ पोरींवर ओरडून ओरडून माझा घसा कायमचा बसलाय, आणि राग मात्र जागच्या जागी आहे. पण नांदेडातल्या आमच्या गल्लीतली शिवांगी बारावी झाली आणि तिला नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेनं पछाडलं. तिची आई म्हणाली, "शीलाताई, रविवारी तासभर बघा हिच्याकडं." मी हो म्हणून बसले. पुढच्या रविवारी शिवांगीबरोबर तिच्या तीन मैत्रिणी आल्या, आणि दारातल्या चार जोडी चपला बघून मला कळलं की आपली निवृत्ती संपली.

तारामती आली ती त्यानंतर महिनाभरानं. दार उघडलं तर समोर एक रापलेल्या चेहऱ्याची, उंचीनं बेताची बाई. खांद्याला फुगलेली पिशवी, हातात केळीची अख्खी फणी.

"सिस्टर, मी अर्धापूरकडची. गावात आशा वर्कर हाय. मला जीएनएमची परीक्षा द्यायची. शिकवता का?"

"मी केळी खात नाही. शुगर आहे," मी म्हणाले.

"नका खाऊ. ठिवा नुसती. कुणी आलं की त्याला द्या."

एवढं बोलून ती स्वतःच आत आली, पोरींच्या मागं भिंतीला टेकून बसली आणि पिशवीतून वही काढली. मी नाही म्हणायच्या आत तिनं तारीखही लिहिली होती.

जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. त्याला बसणाऱ्या पोरी सतरा-अठराच्या असतात. तारामती चौतीस वर्षांची. बारावी कधीकाळी झालेली, तीही आर्ट्स. नवरा व्यंकट केळीच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. लेक दीपमाला सातवीत. नांदेडातल्या एका क्लासवाल्यानं तिला विचारलं होतं, "लेकीच्या ॲडमिशनसाठी आलात का?" ती मुकाट्यानं परत फिरली होती. प्रवेशाला वयाची अट पस्तिशीची, म्हणजे तिच्या हातात हे एकच वर्ष. यंदा नंबर लागला तर लागला, नाहीतर विषय कायमचा मिटला.

"आशाच्या कामाला कंटाळलीस का?" मी विचारलं. असे कंटाळलेले लोक मला आवडत नाहीत.

"कंटाळा न्हाई, सिस्टर. नऊ वर्षं झाली. बाईला दिवस गेल्यापासून मीच बघते. गोळ्या मीच देते, तपासणीला मीच नेते, कळा आल्या की गाडीला फोन मीच करते. अन् दवाखान्याच्या दारात गेलं की म्हणतात, आशा, तू बाहेर थांब. दार लागतं. आत काय झालं ते मला नातेवाइकांसंगं कळतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला एकदा त्या दाराच्या आत जायचंय."

तिला लगेच हो म्हणावंसं वाटलं. पण तेहतीस वर्षांची सवय अशी सहज सुटत नाही. "रविवारी नऊ म्हणजे नऊ," मी म्हणाले. "उशीर झाला तर दार लागेल."

पोरी फिदीफिदी हसल्या. तारामतीही हसली, त्यांच्यापेक्षा जास्त.

उशीर तिला कधी झाला नाही. सकाळी गावातल्या बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा, मग टमटमनं अर्धापूर आणि तिथून एसटीनं नांदेड. पावणेनऊला ती दारात हजर असायची आणि शिवांगी, जिचं घर माझ्या घरापासून वीस पावलांवर, ती नऊ दहाला केस विंचरत यायची. मी शिवांगीला बोलायचे, शिवांगी तारामतीकडं बघून म्हणायची, "मावशी, तुम्ही जरा उशिरा येत चला ना, आमची इज्जत जाते." दोघींचं चांगलं जमलं. शिवांगी तिला इंग्रजी शब्द सांगायची, आणि तारामती शिवांगीला खरं बाळ कसं धरायचं ते उशी घेऊन दाखवायची.

शरीरशास्त्र तारामतीला पटापट यायचं. इंग्रजीत ती रडतखडत पण पुढं सरकायची. घरी दीपमाला मोबाइलवर वेळ लावून तिचे सराव प्रश्न घ्यायची आणि चुकलं की माझ्यासारखीच ओरडायची म्हणे. गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी, विचार करायच्या प्रश्नांवर.

हे प्रश्न मोठे चावट असतात. नर्सिंगचं अजून काहीच न शिकलेल्या पोरींना विचारतात, समोर असा असा रुग्ण आहे, तुम्ही सर्वप्रथम काय कराल? चार पर्याय असतात, आणि चारही बरोबर वाटतात. पाठांतर किती झालंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. डोकं कुठून सुरुवात करतं, तेवढं बघायचं असतं. मी वीस प्रश्नांची चाचणी घेतली. शिवांगीला सतरा पडले. तारामतीला सहा. पुढच्या रविवारी सात. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा सहा.

माझा पारा चढला. नऊ वर्षं जी बाई रोज माणसं बघते, तिला सहा? काल बारावी झालेल्या पोरीला सतरा? मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "लक्ष कुठं असतं तुझं? केळीत?" ती खाली बघत राहिली. पोरी गेल्यावर मी चहा केला आणि तिला थांबवून घेऊन तिचे तिन्ही पेपर समोर पसरले. खरं तर हे मी आधीच करायला हवं होतं, ओरडायच्या आधी.

एकेक चूक बघत गेले आणि चहा तसाच राहिला. जिथं जिथं पर्यायांत 'डॉक्टरांना कळवा' असं होतं, तिथं तिथं तिनं तेच निवडलं होतं. एकूण एकेचाळीस चुका, त्यातल्या छत्तीस याच.

"हा प्रश्न वाच," मी म्हणाले.

तिनं वाचला. वॉर्डात एक म्हातारा उताणा झोपलाय, धाप लागलीय, ओठ निळसर दिसतायत. सर्वप्रथम काय कराल?

"तुझ्या गावात असा म्हातारा असला तर तू काय करतेस?"

"उठवून बसवते. पाठीला गोधडीची वळकटी लावते, खिडकी उघडते. मग गाडीला फोन."

"आणि इथं काय लिहिलंस?"

"डॉक्टरांना कळवा."

"का?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं काही मीच अडाणी आहे. "इथं परीक्षा हाय ना, सिस्टर."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. ती सांगत होती, "आमाला ट्रेनिंगमदी हेच शिकवलंय. तुमी मोजायचं, फारमात भरायचं अन् वर पाठवायचं. ठरवायचं न्हाई. बाळाचा श्वास मी मोजते, साठाच्या वर गेला तर मला कळतं हे बाळ धोक्यात हाय. पण मी तसं म्हणायचं न्हाई. मी म्हणायचं, मॅडम, श्वास बासष्ट हाय, तुमी बघा. गावात कुणी बघत नसलं की मी करते माझ्या मनानं. पण कागदावर? कागदावर लिहायची माझी छातीच होत न्हाई."

"कोण असं शिकवतं गं तुम्हाला?" मी कडाडले.

"तुमी," ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. पण ती शांतपणे चहाचा कप फिरवत सांगायला लागली. सहा वर्षांपूर्वीचा उन्हाळा, भर दुपार. ती गावातली एक पहिलटकरीण घेऊन माझ्या वॉर्डाशी आली होती. मी दारात आले आणि तिला विचारलं, कळा कधीपासून? ती म्हणाली, पहाटे चारपासून, अन् पाणी सकाळी गेलं. मी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, आता तू बाहेर थांब. आणि दार लावून घेतलं.

मला काहीही आठवत नव्हतं. अशा दुपारी माझ्या आयुष्यात हजारभर असतील.

"तुमाला कसं आठवंल? रोज किती येतात," ती म्हणाली. "पण सिस्टर, नऊ वर्षांत मला ते कुणी एकदाच इचारलं. बाकीचे नवऱ्याला इचारतात, सासूला इचारतात. नवरा तर शेतातून डायरेक्ट दवाखान्यात आलेला असतो, त्याला काय माहीत? सगळं मला माहीत असतं. ते तुमी एकट्यांनी इचारलं. मनून तर तुमचं घर हुडकत आले."

मी तिचे पेपर गोळा केले. मग विचारलं, "नाव विचारलं होतं का मी तुझं?"

"न्हाई. आशाच म्हणलात."

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. एवढ्या वर्षांत किती आशा माझ्या दारात उभ्या राहिल्या असतील. एकीचंही नाव मला सांगता येणार नाही. मी तारामतीला म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. तुझ्या डोक्यातला हा डॉक्टर आधी बाहेर काढू."

पुढच्या रविवारी ती आलीच नाही. नऊ वाजले, दहा वाजले, फोन उचलेना. मी चौघी पोरींवर तिचा राग काढला. तेव्हा शिवांगी म्हणाली, "सिस्टर, आज पोलिओचा रविवार आहे. मावशी बूथवर असतील." आयुष्यभर दवाखान्यात काढून पोलिओचा रविवार विसरणारी मी. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी धरली आणि तिच्या गावी गेले.

ती तेव्हाही घरोघर फिरत होती, बूथवर न आलेल्या लेकरांना डोस पाजत. घरी सासू सरस्वतीबाई होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि न विचारताच मनातलं बोलल्या, "जाईना का शिकायला. पण आमच्या गावच्या बाळंतिणी कोण बघंल?" तेवढ्यात सासरे ग्यानोबा आले आणि मला मळ्यात घेऊन गेले. सुनेची मास्तरीण आल्यावर मळा दाखवलाच पाहिजे असं त्यांचं मत दिसलं.

ग्यानोबा पंचाहत्तरीचे, काटक. त्यांचं गावात एक काम ठरलेलं. कुणाच्याही मळ्यात केळी कापणीला आली की घड बघायला त्यांनाच बोलावतात. आम्ही मळ्यात होतो तेव्हाच व्यापाऱ्याचा फोन आला. तो म्हणत होता, दिल्लीची गाडी लागलीय, आज सगळं कापून टाका. ग्यानोबा म्हणाले, "बघून सांगतो," आणि फोन खिशात टाकला. मग एका घडापाशी गेले. मधल्या फणीतलं एक केळ दोन बोटांत धरलं, त्याच्या अंगावरच्या धारांवरून अंगठा फिरवला, खालच्या फणीचं बघितलं, मागं सरून पानं बघितली.

"ह्यो परवा," ते म्हणाले. दुसऱ्यापाशी गेले, अंगठा फिरवला. "ह्यो आज."

तारामती तेवढ्यात लशीचा डबा खांद्याला लावून मळ्यात आली. घामानं निथळत होती. मी तिला तिथंच धरलं.

"तुझे सासरे व्यापाऱ्याला का विचारत नाहीत, घड तयार आहे का म्हणून?"

"तो नांदेडात बसलाय. त्याला घड कुठं दिसतोय?"

"मग डॉक्टरला कुठं दिसतोय तुझा म्हातारा? खाटेजवळ कोण उभं आहे?"

ती डबा खाली ठेवून उभी राहिली. ग्यानोबा आमच्याकडं बघत होते, त्यांना कशाचं काही कळत नव्हतं. तारामतीनं समोरच्या घडावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी उभी हाय."

"मग आधी तू बघ. बघितलेलं सांगायला नंतर डॉक्टर आहेच."

त्या दिवसापासून मी तिला नेमच घालून दिला. 'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय दिसला की तिकडं बोट न्यायचंच नाही. रोज वीस प्रश्न वहीत उतरवून सोडवायचे, रविवारी वही आणायची. मी लाल पेन घेऊन बसायचे आणि 'डॉक्टरांना कळवा' दिसलं की खाडकन फुली. हळूहळू फुल्या कमी झाल्या. मार्क वाढत गेले, दहा, तेरा, सोळा. एका रविवारी तिला अठरा पडले आणि शिवांगीला सतरा, तेव्हा शिवांगीनं माझ्या फ्रीजमधलं श्रीखंड स्वतःच काढून सगळ्यांना वाढलं. मला कुणी विचारलंही नाही.

परीक्षेचं केंद्र आलं लातूरला, औसा रोडवरच्या एका कॉलेजात. तारामती म्हणाली, "सिस्टर, तुमी चला की संगं." मी म्हणाले, मला काय काम नाही का? आणि पहाटे पाचला नांदेडच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. ग्यानोबाही होते, इस्त्रीचं धोतर, नवी टोपी. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तारामती खिडकीशी बसून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. चाकूरला मी तिला म्हणाले, "आता वही बंद कर." तिनं वही माझ्याकडं दिली. फाटकाशी मोबाइलही दिला, पदर खोचला, सासऱ्यांच्या पाया पडली, माझ्या पडायला लागली तर मी तिला दंडाला धरून उभं केलं. "जा आत," मी म्हणाले. आणि ती त्या दारातून आत गेली.

आम्ही दोघं समोरच्या लिंबाखाली बसलो. ग्यानोबांनी तंबाखू मळायला घेतली. मला करमेना म्हणून मी तिची वही चाळायला लागले. माझ्या लाल फुल्या बघत गेले. आणि फेब्रुवारीतल्या एका पानावर माझा हात थांबला.

प्रश्न असा होता: बाळंतिणीला रक्तस्राव होतोय. परिचारिकेनं पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट केलं, नाडी मोजली, ती वाढलीय, बीपी मोजलं, ते उतरत चाललंय, रक्त थांबत नाही. आता सर्वप्रथम काय? पर्याय: नाडी पुन्हा मोजा, चादर बदला, नोंदवहीत लिहा, डॉक्टरांना कळवा. तारामतीनं डॉक्टरांना कळवा निवडलं होतं. आणि त्याच्यावर माझी लाल फुली.

उत्तर बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. बारा वर्षं मी हेच केलंय, अशा बाईपाशी उभं राहून ओरडलेय, डॉक्टरांना बोलवा, आत्ताच्या आत्ता. मी तो प्रश्न वाचलाच नव्हता. शेवटचा पर्याय बघितला होता आणि फुली मारली होती. तिला शिकवत होते, आधी बघ, मग ठरव. आणि स्वतः न बघता ठरवत होते. पुढं पानं उलटली तर असे आणखी दोन प्रश्न निघाले. आता आत असा प्रश्न आला असेल आणि ती माझा नेम आठवून त्या पर्यायाकडं बोट नेत नसेल, तर? तिचा मोबाइल माझ्या मांडीवर होता. तिला सांगायचा काही मार्गच नव्हता. एका-दोन मार्कांवर इथं शेकडो पोरी मागं-पुढं होतात. तिला दुसरं वर्ष नव्हतं.

मी ग्यानोबांना सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, कुणाला तरी सांगायला हवं होतं. त्यांनी तंबाखू गालात धरली, विचार केला.

"बाई," ते म्हणाले, "घड बघायचा मनून दिसभर बघतच बसतो का कुणी? बघून झालं की कोयता मारायचा. तिला कळतंय ते. लई दिसांपासून बघतीय ती माणसं."

माझा जीव काही थाऱ्यावर येईना. दोन तास मी त्या लिंबाभोवती फेऱ्या मारल्या. शेवटी फाटक उघडलं, पोरींचा लोंढा बाहेर आला, आणि सगळ्यात मागून तारामती, एका रडणाऱ्या पोरीला पाणी पाजत पाजत.

"कसा गेला" वगैरे मी काही विचारलं नाही. वही तिच्या नाकासमोर धरली. "असा प्रश्न आला होता का? सगळं बघून झालंय आणि मग काय करायचं, असा?"

"आला होता की. तसाच न्हाई, पण तसा. भाजलेल्या लेकराचा."

"मग?"

"डॉक्टरांना कळवा लिवलं."

मी लिंबाच्या पारावर बसले. "अगं, मी तर सांगितलं होतं, तिकडं बोटही न्यायचं नाही म्हणून."

"सांगितलं होतं. पण त्यात सगळं करून झालं होतं, सिस्टर. आता अजून काय बघत बसायचं? लेकरू जाईल ना." तिनं वहीतल्या त्या लाल फुलीकडं बघितलं. "हे बी मला ठावं होतं. त्याच दिवशी घरी जाऊन दोनदा वाचलं. तुमचं चुकलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाला राग येतो."

ग्यानोबा टोपी सारखी करत दुसरीकडं बघायला लागले. मला राग आलाच होता, पण तो कुणाचा ते मला पक्कं माहीत होतं. मी म्हणाले, "तारामती, नर्स व्हायचं असेल तर हे चालणार नाही. सिस्टरचं चुकलं तर सिस्टरला, डॉक्टरचं चुकलं तर डॉक्टरला, तोंडावर सांगावं लागतं. त्याला राग येवो की काही येवो. तिथं मुकाट राहिलं तर माणूस जातं."

ती सरळ उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी. "सिस्टर, तुमचं चुकलं."

"हो, माझं चुकलं," मी म्हणाले. असं मी कुणाला शेवटचं कधी म्हणाले होते, आठवत नाही. मग आम्ही तिघांनी स्टँडसमोर भजी खाल्ली, आणि ग्यानोबांनी पिशवीतून केळी काढली. मी त्यातलं अर्धं खाल्लं, शुगर असून.

निकाल लागला, याद्या लागायला लागल्या. पहिल्या फेरीत तिचं नाव नव्हतं, दुसरीत नव्हतं. त्या दिवसांत मी वर्तमानपत्रसुद्धा धड वाचलं नाही. तिसऱ्या फेरीच्या यादीत, पार तळाशी, लातूरच्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला. तिच्याखाली दोनच नावं होती. मला फोन दीपमालानं केला आणि नुसती किंचाळली, शब्द एकही कळला नाही, पण निरोप पोचला. तारामती होस्टेलवर गेली. तिच्या गावाला नवी आशा मिळेपर्यंत सरस्वतीबाईच कुणाला कळा आल्या की गाडीला फोन करतात. नंबर तारामतीनं त्यांच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. दुपारच्या सुट्टीत, धापा टाकत. पहिल्या वर्षाच्या पोरींना प्रसूती वॉर्डात काम नसतं, पण कसलीशी फाइल पोचवायला तिला तिथं पाठवलं होतं. दाराबाहेर एक आशा उभी होती. लांबच्या कुठल्या तरी गावाहून आलेली, बाई आत आणि ही बाहेर, बसायलाही काही नाही.

"मग तू काय केलंस?"

"दार उघडायचा अधिकार मला कुठं हाय, सिस्टर? मी तिला स्टूल आणून दिलं. अन् इचारलं, कळा कधीपासून? तिनं घडाघडा सगळं सांगितलं. कळा कधीपासून, पाणी कधी गेलं, मागच्या बाळंतपणात काय झालं होतं. ते सगळं चिठ्ठीवर लिहून मी फाइलीसंगं आत दिलं. आतल्या सिस्टर आधी चिडल्या. म्हणल्या, तू कोण? मग चिठ्ठी वाचली. अन् मागच्या बाळंतपणाचं वाचून लगेच डॉक्टरांना कळवलं."

"बाई कशी आहे?"

"चांगली हाय. दोघं बी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "त्या आशाचं नाव विचारलंस का?"

"इचारलं की," तारामती म्हणाली. "चिठ्ठीवर सगळ्यात वर तेच लिहिलंय."